भाकडाला पेंड नाही

एकदा एका माळावर गवताची एक भली मोठी गंजी होती आणि रोज सकाळी तिच्याकडे पाहून समाधान पावणारा एक शिष्य होता. गंजीच्या पलीकडे गोठ्यात गायी मरत होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानात आले नव्हते, आणि खरे सांगायचे तर तुमच्या-माझ्याही आले नसते. ही कथा मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. सांगताना दरवेळी शेवट थोडा गोड करावा असा मोह होतो. तो मी आवरतो, कारण गोड केलेली गोष्ट लोक ऐकतात, बरे वाटून घेतात आणि चपला घालून घरी जातात.

आश्रम लहान होता. एक वृद्ध आचार्य, त्यांचा हा एकुलता शिष्य आणि चौतीस जनावरे. सगळ्या भाकड गायी. ज्यांचे दूध आटले, ज्या पुन्हा विणार नाहीत, ज्यांना दावणीला ठेवणे परवडत नाही आणि विकायला मन धजत नाही, अशा. लोक त्यांना आश्रमाच्या दारात आणून सोडत, त्यांच्या पाया पडत आणि मागे न पाहता निघून जात. गायीला हात जोडणारे उदंड असतात, तिचे दावे हातात घेणारा एखादाच.

शिष्य त्या एखाद्यांपैकी होता. तो आश्रमात आला तो स्वतःची गाय घेऊनच. भुरी तिचे नाव. आई वारली तेव्हा भावांनी भांडीकुंडी वाटून घेतली, शेत वाटून घेतले, आणि म्हातारी होत चाललेली गाय कुणालाच नको होती म्हणून ती याच्या वाट्याला आली. आईने शेवटच्या दुखण्यात याच्याकडून एकच वचन घेतले होते की भुरीला कुणाच्या दारात सोडायचे नाही. म्हणून तो तिच्याबरोबर स्वतःही आश्रमाच्या दारात राहिला. त्याला ज्ञानाची ओढ नंतर लागली, आधी तो गायीमागे आला होता.

त्या वर्षी पाऊस आषाढात चार दिवस तोंड दाखवून गेला तो फिरकलाच नाही. नदीचे पात्र दिवाळीतच पांढरे पडले. मार्गशीर्षात निरोप आला की आचार्यांचे गुरुबंधू सहा दिवसांच्या वाटेवरच्या एका गावी अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांना पाणी पाजायलाही कुणी नाही. आचार्यांनी झोळी उचलली.

“गुरुजी, तुम्ही निश्चिंत जा,” शिष्य म्हणाला. “एकही गाय उपाशी राहणार नाही.”

“पाणी दोन वेळा. दुपारी सावलीला घे,” वृद्ध म्हणाले. “बाकीची रीत तुला ठाऊक आहे.”

बाकीच्या रीतीत एक वाक्य होते: भाकडाला पेंड नाही. तेलघाण्यात करडई, शेंगदाणे भरडून तेल काढले की जी ढेप उरते ती पेंड. दुभत्या गायीला ती घालतात, नांगराच्या बैलाला घालतात. जी दूध देत नाही आणि ओझेही ओढत नाही तिने काडीकचऱ्यावर भागवावे, असे त्या मुलखात सगळेच मानत. जिच्याकडून काही यायचे नाही तिच्यात घालायचे कशाला, हे इतक्या उघड शब्दांत कुणी म्हणत नसे. आश्रमातही म्हणत नसत, तिथे त्याला रीत म्हणत.

शिष्याने कंबर कसली. तो डोंगरावर गेला, उतारावरचे कुसळी गवत त्याने कापले. आश्विनातच वाळून कुसळे गळून गेलेले, तारेसारखे ताठ, पिवळे गवत. त्याने दानशूरांच्या दारी जाऊन गाड्या मागितल्या आणि लोकांनी दिल्या, कारण गायींसाठी गवत देणे सर्वांना कळते. पौषात गंजी बाभळीच्या शेंड्याला टेकली. शिष्याचे तळहात सोलून निघाले होते आणि त्याचे मन तृप्त होते.

आश्रमापासून हाकेच्या अंतरावर एक घाणा होता. तो चालवणारी केरूबाई नावाची विधवा म्हातारी. पौषात एके सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत करडईच्या पेंडीच्या ढेपा होत्या.

“म्हाराज, गायींना घाला ही वाईच. भिजवून.”

“केरूबाई, आमच्याकडे दुभतं एकही नाही. सगळ्या भाकड. पेंड वाया कशाला घालवता?”

“वाया कशी जाईल? खातील की.”

“आश्रमाची रीत आहे. भाकडाला पेंड नाही. तुम्हाला द्यायचंच असेल तर गवताचा भारा पाठवा.”

केरूबाईकडे गवत कुठले? तिने टोपली उचलली आणि परत नेली. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. आजच्याला याचे मन वेगळे असेल असे तिला वाटले असावे. पुन्हा तेच बोलणे झाले. अशी ती दर आठ दिवसांनी येत राहिली. नवव्या वेळी तिने टोपली खालीही ठेवली नाही, नुसते “आज?” एवढेच विचारले. शिष्याने मान हलवली. त्यानंतर ती आली नाही. देणाऱ्याला नाही म्हणण्यात एक वेगळाच रुबाब असतो, आणि नाही म्हणणारा स्वतः अर्धपोटी राहत असेल तर तो रुबाब त्याला स्वतःला दिसतही नाही.

पहिली गाय माघात गेली. ती म्हातारी होती, शिष्याने वयावर टाकले. मग दुसरी गेली, मग एकाच आठवड्यात दोन गेल्या. तो पहाटेपासून त्यांच्या पुढ्यात गवत टाकत असे. गायी त्याला तोंड लावत, थोडे चघळत आणि थांबत. पोटे तट्ट दिसत होती आणि वर फासळ्या मोजून घ्याव्यात इतक्या उघड्या पडल्या होत्या. असे विचित्र रूप त्याने कधी पाहिले नव्हते. कुणी म्हणाले कण्या शिजवून घाला, म्हणून गावाने ज्वारीच्या कण्या दिल्या. गायींनी कण्या आवडीने खाल्ल्या आणि गवताकडे आणखीच पाठ फिरवली. कुणी दृष्ट काढली, कुणी अंगारा आणला. शिष्याला सगळे काही सुचले, फक्त भूक सुचली नाही. समोर एवढी गंजी उभी असताना भूक कशी सुचणार?

वैशाख लागला तेव्हा चौतीसातल्या बारा गेल्या होत्या आणि वृद्ध आचार्य परत आले. गुरुबंधूंना अग्नी देऊनच ते निघाले होते. शिष्याने पायांवर डोके ठेवले ते उचलले नाही. बारा गायींची बारा नावे त्याने तिथेच रडत रडत सांगितली. मग डोळे पुसून, जणू स्वतःच्या बाजूने काहीतरी बोलायलाच हवे म्हणून, तो म्हणाला, “पण गवत मी कमी पडू दिलं नाही, गुरुजी. ते बघा.”

वृद्धांनी गंजीकडे पाहिले. “पौषात केवढी होती?”

“बाभळीच्या शेंड्याएवढी. अजून निम्म्याहून जास्त आहे. सुरुवातीला दिवसाला तीस भारे लागायचे, आता दहा पुरतात. मी हात आखडलेला नाही, त्यांच्यापुढे गवत सदैव असतं. पाऊस लांबला तरी आपल्याला काळजी नाही.”

शिष्याला वाटले, निदान एवढ्यासाठी तरी गुरुजी पाठीवर हात ठेवतील. वृद्ध होते तिथेच मातीत बसले. ते प्रवासाने थकले असतील असे समजून शिष्याने तांब्याभर पाणी आणले. त्यांनी तांब्या घेतला पण पाणी प्यायले नाही. ते उठून गोठ्यात गेले आणि वाकून शेणाचा एक गोळा त्यांनी उचलला. शेण कसले, उंटाच्या लेंड्यांसारखे कडक खडेच होते ते. त्यांनी गोळा हातात फोडला आणि ज्या पाण्यासाठी शिष्य रोज कोसभर चालत होता ते पाणी त्याच्यावर ओतून ते शेण धुऊ लागले. जे उरले ते त्यांनी खांद्यावरचे उपरणे जमिनीवर पसरून त्याच्यावर मांडले, एकेक करून, वाळवणासारखे.

शिष्य संकोचून पाहत राहिला. गुरुबंधूंच्या जाण्याने यांच्या मनावर परिणाम झाला की काय, अशीही शंका त्याला आली.

“हे काय आहे?” वृद्धांनी विचारले.

“शेण.”

“नीट बघ.”

त्याने नीट पाहिले. उपरण्यावर बोटाएवढ्या लांब काड्या होत्या. पिवळ्या, पेरांसकट. गंजीतल्या काड्या जशा होत्या तशाच, फक्त ओल्या.

“गवत आहे,” तो म्हणाला.

“गवतच आहे. तू पुढून घातलंस ते मागून आलं. मधल्या मधे गायीला काय मिळालं?” वृद्ध उठले. “उद्या गाड्या बोलाव. निम्मी गंजी भर आणि केरूबाईच्या घाण्यावर पाठव. पेठेतल्या घाण्यांवर बैलांना वैरण उरलेली नाही असं मी वाटेत ऐकलं. तिला म्हणावं, हे गवत त्यांना द्या आणि बदल्यात मिळेल तेवढी पेंड आणा.”

शिष्य आयुष्यात प्रथमच गुरूंवर संतापला. “निम्मं गवत देऊन टाकू? दुष्काळात? गायींच्या तोंडचं? ज्यांनी दान दिलं त्यांना काय तोंड दाखवू मी? भुरी परवापासून बसली आहे, गुरुजी. ती उठत नाही. तिच्या पुढ्यातलं गवत मी उचलणार नाही.”

“पुढ्यातलं ती खाते का?”

शिष्याने भुरीपुढच्या तशाच पडलेल्या भाऱ्याकडे पाहिले.

“बस,” वृद्ध म्हणाले. “गाय गवत खाते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. तिच्या पोटात एक मोठी कोठी आहे. त्या कोठीत डोळ्यांना न दिसणारे कामकरी राहतात, असंख्य. वाळल्या काडीतून अन्न काढायचं काम त्यांचं, गायीचं नव्हे. माझ्या गुरूंनी मला हे सांगितलं आणि शेणावरून ओळखायला शिकवलं. त्या कामकऱ्यांनाही जगायला काही लागतं. हिरव्या चाऱ्यात ते असतं, शेंगांच्या पाल्यात असतं, पेंडीत पुष्कळ असतं. माळावरच्या या पिवळ्या काडीत ते नसतं. कण्यांतही पुरेसं नसतं. ते मिळालं नाही की कामकरी मरतात आणि काडी कोठीत तशीच पडून राहते. कोठी भरलेली, म्हणून गायीला भूक लागत नाही. भूक नाही म्हणून ती खात नाही. ती खात नाही म्हणून गंजी उरते. तू रोज जिच्याकडे बघून धीर धरत होतास ना, ती उरलेली गंजीच तुला सांगत होती की गायी उपाशी आहेत.”

त्यांनी उपरण्यावरची एक काडी उचलली. “कामाचा डोंगर रचलास बाळा, कामकऱ्यांना भाकर द्यायची राहिली. रोज गायीमागे दोन-चार मुठी पेंड. तेवढ्यावर हे सगळं गवत तिच्या अंगी लागलं असतं.”

उपदेश ऐकून शिष्याच्या मुखावर ज्ञानाचा प्रकाश पसरला, असे इथे म्हणायची पद्धत आहे. त्याच्या मुखावर तसले काही पसरले नाही. त्याचा चेहरा मातीसारखा झाला.

“ती नऊ वेळा आली होती,” तो म्हणाला.

“कोण?”

“केरूबाई. टोपली घेऊन. मी परत पाठवली.”

“काय सांगून पाठवलीस?”

“तुम्ही जे शिकवलंत तेच. भाकडाला पेंड नाही.”

वृद्धांनी डोळे मिटून घेतले. खरे तर त्यांनी त्याच वेळी बोलायला हवे होते. ते बोलले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना समजावून सांगितलेल्या माणसालाही स्वतःबद्दल सांगायचे झाले की जीभ जड होते.

शिष्य घाण्यावर गेला. केरूबाई दारात बसून करडई पाखडत होती. तिने वर पाहिले आणि सूप बाजूला ठेवले.

“पेंड आहे का?” त्याने विचारले.

“किती जनावरं राहिली?”

“बावीस.”

“चौतीस व्हती.”

“हो.”

तिने मांडीवरचे फोल झटकले. “मी काय लई शानी न्हाय, म्हाराज. आमचा बैल बी थकलाय. गवत असलंच खातो, तुमच्यासारकंच. वर चार मुठी पेंड खातो. तगून हाय. म्हनून आनत व्हते.”

“असं मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतं?”

“नसतं.”

“तुमी रीत म्हनालात,” केरूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि असता तर त्याला सोसायला सोपे गेले असते. “रीतीम्होरं मी काय बोलनार? मला वाटलं, शिकल्याली मानसं हायेत, त्यांच्या कायतरी ध्येनात असंल.”

तिने घरात होती ती दीड पोते पेंड त्याच्या खांद्यावर दिली आणि दुसऱ्या दिवशी गाड्यांबरोबर स्वतः पेठेत गेली. माळावरून गवताच्या गाड्या उलट्या दिशेने जाताना पाहून गावाला धक्का बसला. म्हाताऱ्याला भ्रम झाला, असे लोक म्हणाले. एका दात्याने तर पुढे आश्रमाचे नाव काढले तरी दार लावून घ्यायचे ठरवले. गवत देताना त्याने गायीकडे पाहिले होते की गंजीकडे, हे त्याचे त्यालाच ठाऊक. बारा गायी मेल्या तेव्हा मात्र कुणाला धक्का बसला नव्हता, दुष्काळात गायी मरायच्याच.

पेंड आली. शिष्य ती भिजवून उभ्या असलेल्या अठरा गायींना मापाने घालू लागला. चौथ्या दिवशी गोठ्यात एक विसरलेला आवाज सुरू झाला. गायी रवंथ करत होत्या. सात-आठ दिवसांत शेण मऊ पडले. दहा भारे पुरेनात, पंधरा लागले, मग वीस लागले. उरलेली गंजी भराभर खाली येऊ लागली आणि ती खाली येताना पाहून शिष्याला बरे वाटे. मग लगेच आठवे की हे पौषात होऊ शकले असते, आणि ते बरे वाटणे तिथेच विरून जाई.

बसलेल्या गायी चार होत्या. तिघी पहिल्या पाच दिवसांत गेल्या. भुरी राहिली.

तो तिच्यापाशीच बसून असे. भिजवलेली पेंड तळहातावर घेऊन तिच्या तोंडाशी धरी. पहिल्या दिवशी तिने नुसता हात चाटला. दुसऱ्या दिवशी थोडी खाल्ली. सहाव्या दिवशी तिने मान लांब केली आणि बाजूच्या भाऱ्यातून गवताची पेंढी स्वतःहून ओढून घेतली. शिष्य धावत आचार्यांकडे गेला.

“खाल्लं तिनं, गुरुजी. मी दिलं नाही, तिनं आपणहून घेतलं.”

वृद्ध आले. त्यांनी भुरीच्या मांडीवरून हात फिरवला. तिथे मांस उरले नव्हते, नुसते हाड होते आणि हाडावर कातडे. कुशीला चट्टे पडले होते. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ते परत गेले. शिष्याने चार माणसे जमवली, पोटाखालून सुती पट्टा घालून तिला उभे केले. पुढचे पाय थरथरले, दुमडले आणि ती खाली आली. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे केले, ती पुन्हा खाली आली. पण खाण्याला ती चुकत नव्हती. रोज कालच्यापेक्षा जास्त खात होती. खाऊन झाले की त्याच्याकडे पाहून आणखी मागत होती. इतक्या महिन्यांत तिने काही मागितले नव्हते.

नवव्या दिवशी सकाळी ती गवत चघळत होती, आणि चघळता चघळताच तिची मान खाली आली. भूक परत आली होती, अंग परत आले नाही.

माळाची जमीन दगडासारखी झाली होती, तिला पुरायला दुपार झाली. खड्डा बुजवून झाल्यावर माणसे गेली आणि गुरू-शिष्य दोघेच राहिले. शिष्य रडत नव्हता. त्याच्या आईला दिलेले वचन त्याने मोडले नव्हते, भुरीला त्याने कुणाच्या दारात सोडले नव्हते. तिला त्याने स्वतःच्या हातांनी, भरल्या पुढ्यात, उपाशी मारले होते. तो हे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मग त्याने विचारले, “ती उठणार नाही हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“केव्हापासून?”

“मी आलो त्याच दिवसापासून.”

“मग नऊ दिवस मला तिला पेंड का घालू दिलीत? मोजकीच तर आहे. उभ्या असलेल्यांच्या तोंडी गेली असती.”

वृद्धांनी हातातली माती झटकली. “ती उठणार नाही म्हणून तिला द्यायची नाही, असं मी म्हणालो असतो तर मी तोच नियम पुन्हा केला असता.”

शिष्याने त्यांच्याकडे पाहिले.

“तो नियम माझाच आहे,” वृद्ध म्हणाले. “पन्नास वर्षं झाली. त्या वेळी इथे अकरा गायी होत्या, त्यातली एक व्यायलेली. पेंड एक टोपली होती. नदीकाठी इतकं हिरवं होतं की गायी तिथून हलायला मागत नसत. मी म्हणालो, यंदा पेंड भाकडांना नको, त्यांचं हिरव्यावर भागेल. बोललो ते त्या वर्षापुरतं बरोबरच होतं. मग ती व्यायलेली गाय गेली, नदीकाठचं हिरवं गेलं, आणि बोलण्यातलं यंदा तेही गळून पडलं. भाकडाला पेंड नाही, एवढंच उरलं. ऐकायला ते बरं वाटायचं. त्यात काहीतरी शहाणपण आहे असं वाटायचं. माझ्या गुरूंनी शिकवलेलं सगळं मला येत होतं, तरी मी ते वाक्य तुझ्या हाती दिलं आणि दुष्काळात निघून गेलो. मला त्याचं कारण आठवलं ते गंजी पाहिली तेव्हा.”

“म्हणजे चूक तुमची.”

“माझी.”

गुरूने दोष पत्करला की शिष्य सुटतो, हे त्याला कळत होते, आणि सुटावेसे वाटतही होते.

“पण केरूबाईला नाही म्हणणारं तोंड माझं होतं,” तो म्हणाला. “मी त्या गायींकडे रोज बघत होतो. तुम्ही सहा दिवसांच्या वाटेवर होता.”

वृद्धांनी त्याचे सांत्वन केले नाही. असे नाही, असेही ते म्हणाले नाहीत. “तेही खरं,” एवढेच म्हणाले.

ऊन कलले. गोठ्याकडून एका गायीने हंबरून पाहिले. शिष्य तसाच बसून होता.

“गुरुजी, आता मी काय करू?”

“अठरा आहेत,” वृद्ध म्हणाले. “पेंड भिजवायची वेळ झाली.”

तो उठला आणि पेंड भिजवायला गेला. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. अठरांपैकी सतरा गायींनी तो पाहिला. पुढे आचार्य गेले, आश्रम शिष्याकडे आला आणि तो फार मोठा ज्ञानी झाला असे लोक सांगतात. मला इतकेच ठाऊक आहे की त्याने आयुष्यात कुणाला एकही नियम सांगितला नाही. कुणी फारच आग्रह केला की तो म्हणे, आधी मला तुमच्या गायी बघू द्या.

आपल्याही घरी कामातून गेलेले कुणीतरी असेल, आणि त्यांच्यापुढे दोन्ही वेळचे ताट आपण भरूनच ठेवत असू; आज ते ताट आत परत येईल तेव्हा त्यात किती उरले आहे, ते एकदा पाहावे.